दुखणं सोसलं म्हणजे तयारी झाली, असं नाही

पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या पोरांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय. जुन्या पहिलवानांच्या नावावर खपवलेले पाच मंत्र आहेत त्यात. भर उन्हात धावा, मधे पाणी पिऊ नका. जर्किन घालून घाम काढा, घाम म्हणजे वितळलेली चरबी. पहिल्याच दिवशी पाचशे बैठका मारा. दुखलं तरी थांबू नका. पाय मुरगळला तर लगेच गरम तेलाने चोळा आणि शेका. मी अमळनेरला पोरापोरींकडून ग्राउंड, म्हणजे भरतीच्या मैदानी चाचणीचा सराव, करून घेतो. गेल्या महिन्यात तिघांनी हाच मेसेज दाखवून मला विचारलं, म्हणून एकेक मुद्दा घेतो.

उन्हापासून सुरुवात करतो, कारण जीव जायची भीती तिथेच जास्त. ‘आपण खानदेशी, आपल्याला ऊन काय नवं’ असं मेसेजमध्ये लिहिलंय. अर्धं खरं आहे. शरीर उन्हाला सरावतं, पण त्याला १० ते १४ दिवस लागतात, तेही रोज थोडा थोडा वेळ वाढवत नेला तर. मग घाम लवकर सुटतो आणि त्यातून मीठ कमी जातं. दोन-चार आठवडे सराव सुटला की ही सवयही मोडते. शिवाय बांधावर बसलेल्या माणसाचं ऊन आणि धावणाऱ्याचं ऊन एक नव्हे. धावताना स्नायू स्वतःच उष्णता तयार करतात. मे महिन्यात भुसावळ-जळगावचा पारा ४४-४५ वर गेला की हवाच अंगापेक्षा गरम असते. मग घाम वाळणं एवढाच आतली उष्णता बाहेर टाकायचा मार्ग उरतो. त्या घामाला पाणी लागतं, आणि मेसेज नेमकं तेच पिऊ नका म्हणतो.

पोरगा झोकांड्या खायला लागला, बरळायला लागला, तर तो उष्माघात समजा. अंग घामाने ओलं असलं तरीसुद्धा. आतलं तापमान ४० अंशांच्या वर गेलेलं असू शकतं. अशा वेळी कांदा हुंगवत बसू नका, शुद्ध हरपत असलेल्याच्या तोंडात पाणी ओतू नका. १०८ ला फोन लावा आणि गाडीची वाट न बघता त्याला थंड करायला लागा. जवळ हौद असेल तर डोकं वर धरून गळ्यापर्यंत पाण्यात बसवा. नसेल तर बादल्यांवर बादल्या ओता, ओल्या कपड्यांनी सगळं अंग झाका, वारा घाला. गाडी येईपर्यंत हे थांबवायचं नाही.

पाणी तहान लागेल तसं प्या. तासाच्या वर घाम गाळला असेल तर लिटरभर पाण्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ टाका. मात्र नुसतं पाणीच लिटरच्या लिटर ढोसू नका, त्याने रक्तातलं सोडियम, म्हणजे मीठ, उतरतं आणि तेही धोक्याचं.

जर्किनचं उत्तर सोपं आहे. काट्यावर किलोभर कमी दिसतं ते पाणी असतं, जेवण-पाणी झालं की परत येतं. चरबी तिथल्या तिथेच, वर उष्माघाताला आमंत्रण.

बैठकांचं पोरं हसण्यावारी नेतात. तालमीतला गडी हजार बैठका मारतो, पण त्यामागे वर्षं असतात. सवय नसलेल्याने एका दिवसात पाचशे मारल्या तर मांडीचे स्नायू आतून फुटू शकतात आणि त्यांतले घटक मूत्रपिंडात जाऊन अडकतात. मांड्या सुजून दगडासारख्या झाल्या, लघवी कोऱ्या चहासारखी झाली, तर त्याच दिवशी दवाखाना गाठायचा.

आता चौथा मंत्र, ज्याचा मला सगळ्यात राग आहे. व्यायामानंतर दुखतं, हे खरं. नव्या व्यायामाने दोन्ही मांड्या सारख्याच ठणकतात, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जास्त, मग आपोआप उतरतं. त्याला घाबरू नये. पण मुलींच्या ८०० मीटरची तयारी करणारी आमची एक पोरगी रोज पहाटे डांबरी रस्त्यावर धावायची, तळ झिजलेल्या बुटांत. नडगी दुखते म्हणाली. मी म्हणालो, जाईल. आठवड्याने ती लंगडत आली. बोटाने दाखव म्हटल्यावर तिने नडगीच्या हाडावर रुपयाएवढ्या जागेवर बोट ठेवलं. “सर, आठेच दुखस.” एक्स-रेत काही दिसलं नाही. तीन आठवड्यांनी परत काढला तेव्हा हाडाला बारीक चीर दिसली. ही चीर पहिल्या एक्स-रेत बहुतेकदा दिसतच नाही. तिची त्या वर्षीची भरती हुकली आणि माझं ते ‘जाईल’ मला अजून टोचतं. म्हणून सांगतो, हाडावर एकाच जागी दुखत असेल, धावताना वाढत असेल, रात्री झोपेतही ठणकत असेल, तर धावणं त्याच दिवशी बंद. छातीत कळ आली किंवा डोळ्यांपुढे अंधारी आली तरी तेच. मैदानी चाचणीत ५० पैकी २० गुण मुलांना १६०० मीटरचे आणि मुलींना ८०० मीटरचे आहेत, मला माहीत आहे. ते मिळवायला पाय शाबूत लागतो.

राहिला मुरगळलेला घोटा. आत हाडं जोडणारे बंध ताणलेले किंवा फाटलेले असतात, रक्त झिरपत असतं. त्यावर गरम तेलाने चोळलं की सूज वाढते. पहिले दोन दिवस बर्फ फडक्यात गुंडाळून १५-२० मिनिटं लावा, दिवसातून चार-पाच वेळा. पट्टी बांधा, पाय उशीवर ठेवा. घोट्याच्या हाडावर दाबल्यावर दुखत असेल किंवा आधाराशिवाय चार पावलंही टाकता येत नसतील तर चोळणाऱ्याकडे नाही, एक्स-रेला जा. हाड ठीक निघालं की पाय पंधरा दिवस बांधून ठेवू नका. दुखणं सोसवेल इतका घोटा हलवायला लागा, आणि सूज उतरली की रोज दात घासताना त्या एका पायावर उभं राहा. एकदा मुरगळलेला घोटा तोल परत आला नाही तर पुन्हा पुन्हा मुरगळतो.