‘आयुष्यभर एकच पाटील’ म्हणणाऱ्या चोखंदळ प्रेक्षकास

निळूभाऊंवरच्या माझ्या लेखाखाली ‘एक चोखंदळ प्रेक्षक’ अशा सहीची प्रतिक्रिया आली आहे. ज्यांनी ती वाचली नसेल त्यांच्यासाठी आधी ती सांगतो. निळू फुल्यांना मी लेखात ‘बहुरूपी’ म्हटलं होतं. या गृहस्थांना (की बाईंना, सहीवरून कळायला मार्ग नाही) ते पटलेलं नाही. ‘सिंहासन’ हा चित्रपट अरुण साधूंच्या एका कादंबरीवर बेतलेला आहे असं मी लिहिलं, ती चूक त्यांनी दाखवली आहे. हिंदीत निळूभाऊंना कुणी विचारलं नाही, असं ते म्हणतात. सत्तरच्या दशकातल्या ग्रामीण चित्रपटांनी बाईवरचा अत्याचार करमणूक म्हणून विकला आणि निळू फुले त्या दुकानाची पाटी होते, त्यावर लेखात अवाक्षर नाही, अशीही तक्रार आहे. आणि या सगळ्यावर कळस म्हणून एक वाक्य आहे, ते जसंच्या तसं देतो: ‘आयुष्यभर एकच पाटील वठवणाऱ्या नटाला बहुरूपी ठरवणं ही गावाकडून शहरात आलेल्या मंडळींची भाबडी गहिवरखोरी आहे.’

आधी कादंबरीचं. मान्य. ‘सिंहासन’ हा ‘मुंबई दिनांक’ आणि ‘सिंहासन’ अशा दोन कादंबऱ्यांवर आधारलेला आहे. मूळ लेखात दुरुस्ती केली आहे. चूक दाखवली की मी ती मान्य करतो, हे इथल्या जुन्या वाचकांना माहीत आहे. आपणही बघून ठेवा.

आता ‘गावाकडून शहरात आलेली मंडळी’. हे शब्द वाचून मी लॅपटॉप मिटला, चहा केला, परत वाचले, तरी ते तसेच होते. मतभेद असायला माझी ना नाही. पण मत खोडताना माणूस कुठून आला याची चौकशी कशाला? मी पुण्यात जन्मलो असतो तर निळूभाऊंचा अभिनय बदलला असता का? (तसे ते स्वतः पुण्याचेच. लष्करी वैद्यकीय महाविद्यालयात माळीकाम करायचे आणि संध्याकाळी राष्ट्र सेवा दलाच्या कलापथकात उभे राहायचे. तुमच्या हिशेबात हे गाव धरायचं की शहर?)

तर मी कुठून आलो ते सांगतोच. माझे वडील टुरिंग टॉकीजवर ऑपरेटर होते. दिवाळी झाली की तंबू निघायचा, तो पाऊस पडेपर्यंत फिरायचा. म्हसवड, पुसेगाव, पालीची जत्रा, मधल्या काळात आठवडी बाजाराची गावं. मशीन एकच, त्यामुळे रीळ संपलं की दिवा लागायचा, बिड्या पेटायच्या, वडील रीळ चढवायचे, पुन्हा अंधार. मधे दोरी, एका अंगाला बाया आणि दुसऱ्या अंगाला बाप्ये. शाळेला सुट्टी लागली की मी तंबूवरच असायचो. गर्दीच्या दिवशी ऑपरेटरच्या पोराला पुढे जागा कोण देणार? मी पडद्याच्या मागे जाऊन बसायचो. मागून चित्र उलटं दिसतं. उजवं ते डावं, आणि नावं तर वाचताच येत नाहीत. मला पडद्यावरचे नट आधी कळले ते आवाजावरून.

म्हणून सांगतो, निळूभाऊ मी आधी ऐकले आणि मग पाहिले. तंबूतले भोंगे फाटके असायचे. त्यातून इतर खलनायकांचं ओरडणं म्हणजे नुसती खरखर. हा एकच माणूस होता जो ओरडत नव्हता. शब्द अर्धा तोंडात ठेवून, घशातल्या घशात घोळवून, दोन शब्दांच्या मधे एवढी जागा सोडायचा की तेवढ्यात बाहेरचं जनरेटर ऐकू यायचं. आणि त्या मोकळ्या जागेत बायांच्या बाजूला बोटं मोडल्याचा आवाज यायचा. ‘मुडदा बशिवला तुझा’ हे मी पडद्यामागून कितीदा ऐकलं असेल! एकदा एका म्हातारीने वहाण भिरकावली आणि पडद्याला वीतभर चीर गेली. ती वडिलांनी दाभणाने शिवली. पुढे दोन हंगाम सगळ्या नायिकांच्या गालावर शिवण असायची.

ही गहिवरखोरी असेल तर असू द्या. पण एखादा माणूस आवाज न चढवता म्हातारीला वहाण काढायला लावतो, ते कसं जमत असेल, एवढा विचार तरी चोखंदळ प्रेक्षकाने करावा.

बरं, ‘एकच पाटील’. चला, पाटीलच घेऊ. 1968 चा ‘एक गाव बारा भानगडी’, अनंत मान्यांचा. त्यातला झेलेअण्णा ही निळूभाऊंची पडद्यावरची पहिली भूमिका. ती तमाशापटाची दुनिया आहे. तिथला बेरकीपणा फडाच्या उजेडातला आहे, लोकनाट्यातून आलेला, प्रेक्षकाला डोळा मारून केलेला. त्यानंतर ‘सामना’ बघा, तेंडुलकरांनी लिहिलेला आणि जब्बार पटेलांनी केलेला. 1975 ला बर्लिनच्या महोत्सवात स्पर्धेला गेलेला. त्यातला हिंदुराव धोंडे पाटील गावचा सावकार नाही की वतनदार नाही. तो साखर कारखान्याचा माणूस आहे. त्याला कुणाला मारायला स्वतः जावं लागत नाही, त्याच्या भोवतीची व्यवस्थाच ते काम करते. म्हणून निळूभाऊंनी त्याचा आवाज आणखी खाली आणला. हिंदुराव यजमान आहे, अगत्यशील आहे. रस्त्यावरच्या दारुड्या मास्तराला घरी आणतो, पाजतो, ठेवून घेतो. त्या अगत्यात जो गारठा आहे तो झेलेअण्णात शोधून दाखवा. आणि डॉ. लागूंचा मास्तर ‘मारुती कांबळेचं काय झालं?’ असं विचारायला लागतो तेव्हा समोरचा हिंदुराव काय करतो, ते पुन्हा एकदा डोळे उघडे ठेवून पाहा. खलनायकाने चिडावं अशी आपली अपेक्षा असते. हा हळूहळू थकत जातो. प्रश्न टळत नाही म्हटल्यावर माणूस जसा थकतो तसा. त्याची भीती वाटता वाटता मधेच त्याची कीव यायला लागते आणि आपल्यालाच आपला राग येतो.

हा एक पाटील? असेल! मग ऊस आणि गूळ हेही एकच.

आणि पाटील सोडून द्या. पुलंच्या ‘पुढारी पाहिजे’ या वगातला रोंगे कोणी केला? शंकर पाटलांच्या ‘कथा अकलेच्या कांद्याची’मध्ये कोण होतं? हऱ्या-नाऱ्याच्या जोडीत राम नगरकरांच्या बरोबरीने लोकांना हसवणारा कोण? तेंडुलकरांचा सखाराम बाइंडर 1972 साली कमलाकर सारंगांनी रंगमंचावर आणला तेव्हा तो निळूभाऊंनी केला. टाकलेल्या बायका घरी आणून ठेवणारा, स्वतःचे नियम करून त्यांना सांगणारा, आणि रात्री मृदंग घेऊन बसणारा सखाराम. त्या प्रयोगावरून सेन्सॉर आणि कोर्टबाजी झाली ती सगळ्यांना ठाऊक आहे. ते नाटक बघायचं माझं वय नव्हतं, त्यामुळे त्याबद्दल मी जास्त बोलत नाही. न पाहिलेल्या गोष्टींवर मत द्यायची मला सवय नाही. (हा टोमणा आहे, असं समजायला हरकत नाही.)

पण जयवंत दळवींचं ‘सूर्यास्त’ मी पाहिलं आहे, साताऱ्याला, शाहू कला मंदिरात, कॉलेजात असताना, उभ्याने. मुलगा मुख्यमंत्री आणि बाप जुना गांधीवादी स्वातंत्र्यसैनिक. त्यातले आप्पाजी निळू फुले करणार म्हटल्यावर आमच्या टोळक्याने आधीच थट्टा सुरू केली होती. आता हा गांधीवादी म्हातारा कुणाच्या मागे लागणार, वगैरे. माणूस रंगमंचावर आला आणि पहिल्या दहा मिनिटांत आमचं तोंड बंद झालं. आवाज तोच होता. तोच घोगरा, तोच संथ. ज्या जागांवर हिंदुरावचा धाक बसायचा, त्याच जागांवर आप्पाजींचा सच्चेपणा येऊन बसला होता. तो आवाज पडद्यामागून ऐकत मी लहानाचा मोठा झालो होतो आणि मला वाटायचं मला तो पाठ आहे. त्या रात्री एसटी चुकली आणि आम्ही स्टँडवर बसून राहिलो. कुणी नक्कल केली नाही.

‘सिंहासन’ची कादंबऱ्यांची संख्या तुम्ही बरोबर मोजलीत. आता त्यातला दिगू टिपणीसही एकदा पाहा. पत्रकार. सगळं बघणारा, सगळीकडे असणारा, कशातच नसणारा. मुख्यमंत्री अरुण सरनाईक, अर्थमंत्री लागू, कामगारपुढारी सतीश दुभाषी, सगळे बोलतायत, डाव टाकतायत. निळूभाऊंना काम काय? ऐकायचं. नटाला ऐकण्याचं काम देणं म्हणजे सुताराला करवत न देता खुर्ची करायला सांगणं. आणि शेवटी तो माणूस वेड्यासारखा हसत सुटतो. त्या हसण्याला धोतर नाही, मिशी नाही, वाडा नाही. मग हा पाटील कुठे बसवायचा, सांगा.

हिंदीचं म्हणाल तर ‘सारांश’मधला गजानन चित्रे बघा आणि बोला. अनुपम खेरसमोर दोन-चार प्रसंगांत त्या माणसाने मुंबईतला गल्लीतला पुढारी उभा केला. बाकी हिंदीत विचारलं की नाही, ही मोजपट्टीच मला मान्य नाही. आमच्याकडच्या भाकरीला मैद्याच्या दुकानातून प्रमाणपत्र नको आहे.

राहता राहिली ती अत्याचाराच्या दुकानाची गोष्ट. याला उत्तर देण्यासारखं काही आहे असं मला वाटत नाही. नट गोष्ट लिहीत नाही. आणि पाटी म्हणाल तर कोणाला म्हणताय ते तरी बघा. आयुष्यभर सेवादलाशी नातं सांगणारा, अंधश्रद्धा निर्मूलनाच्या व्यासपीठावर जाणारा, सामाजिक कार्यकर्त्यांना हातभार लावणाऱ्या सामाजिक कृतज्ञता निधीसाठी डॉ. लागूंबरोबर ‘लग्नाची बेडी’चे प्रयोग करत गावोगाव फिरलेला हा माणूस. खऱ्या आयुष्यात बायका बिचकून लांब उभ्या राहायच्या, हे तो स्वतःच हसत सांगायचा. पडद्यावरच्या बेण्याचा राग लोकांना आला, कारण त्याने तो राग यावा असाच वठवला. मिटक्या मारत बघावं असं त्यात काही नव्हतं.

निदान माझ्या आठवणीत तरी नव्हतं. आता दोरीच्या या अंगाला बसलेले लोक त्या प्रसंगांना काय करायचे, शिट्ट्या कधी वाजायच्या, तो विषय वेगळा आहे आणि त्याचा निळूभाऊंच्या अभिनयाशी संबंध नाही. माझी आई संतपट आले की तंबूत यायची, ‘मानाचे पान’सारखे चित्रपटही तिने पाहिले. निळू फुल्यांचं नाव असलं की मात्र ती तंबूकडे फिरकायची नाही, नवरा मशीनवर असूनही. आम्ही तिची चेष्टा करायचो, घाबरट म्हणून. का येत नाहीस, हे कुणी विचारलं नाही. असो. मी अभिनयाबद्दल लेख लिहिला होता, त्याचं उत्तर अभिनयाबद्दलच द्या.

तुम्ही शेवटी डोळा मारणारं चित्र टाकून ‘बाई, वाड्यावर या’ असंही लिहिलं आहे. तो विनोद मला मोबाईलवर दिवसातून दोनदा येतो, लग्नाच्या वाढदिवसालासुद्धा येतो, त्यामुळे त्याचं नवल राहिलेलं नाही. दीडशेच्या वर चित्रपट आणि चाळीस वर्षांची रंगभूमी असलेला माणूस 13 जुलै 2009 ला गेला, त्याच वर्षी आलेल्या ‘गोष्ट छोटी डोंगराएवढी’त शेतकऱ्यांच्या आत्महत्यांच्या गोष्टीत दिसला, आणि त्याची शिल्लक काय, तर मिमिक्रीवाल्यांचं तीन शब्दांचं वाक्य. तुमच्यासारखे चोखंदळ प्रेक्षक ते पुढे ढकलतात, म्हणून ते टिकतं. तेव्हा माझी एकच विनंती आहे. हे वाक्य निळूभाऊंनी कुठल्या चित्रपटात, कुठल्या प्रसंगात, कुणाला उद्देशून म्हटलं आहे, तेवढं मला कळवा. चित्रपटाचं नाव पुरे, रिळाचा नंबर नको. तुम्ही कादंबऱ्या मोजणारी व्यक्ती आहात, हे तुम्हाला जड जाऊ नये.

मिळेपर्यंत तुमची प्रतिक्रिया खाली तशीच राहील, काढणार नाही. फक्त पुढच्या वेळी नावानिशी लिहा.