मारिआचीलाही नाचायचे असते

आज सकाळी एका परिचितांनी ‘एल मारिआची लोको’ या गाण्याची चित्रफीत पाठवली आणि खाली लिहिले, ‘मेक्सिकन लोकांचा धिंगाणा, अर्थ शोधू नये.’ ते वाक्य दिवसभर मनात सलते आहे.

एका वेड्या मारिआचीला, म्हणजे मेक्सिकन लोकसंगीताच्या ताफ्यातल्या वादकाला, नाचायचे आहे, एवढेच या गाण्याचे ध्रुपद सांगते. पण हा माणूस कोण, ते पाहा. चांदीच्या गुंड्यांचा चारो, म्हणजे मेक्सिकन घोडेस्वारांचा, पोशाख चढवून तो दुसऱ्यांच्या लग्नात, वाढदिवसाला, प्रसंगी अंत्ययात्रेतही वाजवतो. मेक्सिको सिटीच्या गारिबाल्दी चौकात वाद्य घेऊन गिऱ्हाइकाची वाट पाहत उभा राहतो. इतरांना नाचवायचे आणि स्वतः वाजवत राहायचे, ही त्याच्या व्यवसायाची शिस्त. ती शिस्त सर्वांदेखत मोडण्याची इच्छा तो या गाण्यात बोलून दाखवतो, आणि माझ्या मते खरी गंमत तिथेच आहे.

मी कॅलिफोर्नियात राहते. शेजारच्या मेक्सिकन कुटुंबातील मुलीच्या किन्सेआनेराला, म्हणजे पंधराव्या वाढदिवसाच्या सोहळ्याला, आम्हाला बोलावणे होते. रात्री उशिरा हे गाणे सुरू झाले, तेव्हा गितारोन, म्हणजे खर्जाची मोठी गिटार, वाजवणारा, ते अवजड वाद्य पोटाशी धरून, गिरक्या घेत मधोमध आला आणि संध्याकाळभर खुर्चीत बसून असलेली मुलीची आजी उठून त्याच्यासमोर नाचू लागली.

काव्य म्हणून हे गाणे थोर नाही, आणि तीन व सहा मात्रांची जी गुंफण ‘सोन दे ला नेग्रा’ या प्रसिद्ध मारिआची गाण्यात आहे तीही यात नाही, ठीक आहे, मान्य. पण म्हणून धिंगाणा? मारिआचीच्या ताफ्यात सहसा ढोल नसतो; ताल मुख्यतः गितारोन आणि विउएला ही छोटी गिटार यांनी धरायचा असतो. गितारोनवर एका वेळी दोन तारा ओढून खर्ज काढावा लागतो. तो माणूस आजीसमोर गिरक्या घेत असताना त्याचा हात एकदा जरी चुकला असता, तरी व्हायोलिन आणि ट्रम्पेट उघडे पडले असते. हात चुकला नाही. पश्चिम मेक्सिकोतील हालिस्को राज्यात आणि आसपासच्या प्रदेशात पिढ्यान्‌पिढ्या घडलेली, युनेस्कोने 2011 मध्ये मानवतेचा अमूर्त वारसा म्हणून नोंदवलेली ही कला एका शेऱ्यात उडवून लावणे हा निव्वळ उद्दामपणा आहे, आणि तुम्हा सर्वांनाही तो तसाच वाटेल.

लिहिता लिहिता राग थोडा निवळला, कारण आजींचा चेहरा पुन्हा आठवला. गाणे संपल्यावर त्यांनी त्या वादकाला जेवायला बसवले, स्वतःच्या हाताने वाढले, आणि तोवर बाकीच्या मंडळींनी त्याच्याविना एक बोलेरो, म्हणजे संथ प्रेमगीत, वाजवला.

22 नोव्हेंबरला संगीतकारांची संरक्षक संत सेसिलिया हिचा सण असतो. त्या दिवशी गारिबाल्दी चौकात मारिआची जमतात आणि तिच्यासाठी ‘मान्यानितास’ हे वाढदिवसाचे पारंपरिक गाणे गातात. चित्रफीत पाठवणाऱ्या गृहस्थांना मी त्या दिवसाचे चित्रण पाठवणार आहे.