'मिळेल त्याला पकडा आणि हाकला' म्हणणाऱ्या वाचकांना उत्तर

नमस्कार.

निर्वासितांवरच्या माझ्या लेखावर घणसोलीहून तुम्ही लिहिलेली प्रतिक्रिया वाचली. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: निर्वासितांच्या हक्कांच्या नावाखाली मी घुसखोरांची तळी उचलतो, फाळणीनंतर उल्हासनगरला आलेल्या सिंध्यांचा दाखला गैरलागू आहे कारण ती आपलीच माणसं होती, आणि नवी मुंबईसाठी जमिनी गेलेल्या शेतकऱ्यांचे साडेबारा टक्क्यांचे भूखंड लटकलेले असताना मला परक्यांचा पुळका येतो. उपाय एकच, मिळेल त्याला पकडा आणि हाकला.

भूखंडांवरचा तुमचा राग रास्त आहे. जमिनींसाठी आंदोलन करणाऱ्या शेतकऱ्यांवर १९८४ मध्ये जासईत झालेल्या गोळीबारानंतर जे पदरात पडायचं ठरलं, त्याची वाट बघणारी घरं अजून आहेत. पण ती फाइल कुणा अफगाण माणसाने अडवलेली नाही. कुठल्या टेबलावर अडलीय, हे तुम्हालाच जास्त ठाऊक.

उल्हासनगरचा मुद्दा मात्र मी सोडणार नाही. कल्याणजवळच्या लष्करी छावण्यांत आलेले सिंधी आपलेच होते, कबूल. तरी सरकारने तेवढ्यावर भागवलं नाही. राज्यघटनेच्या कलम ६ मध्ये १९ जुलै १९४८ ही तारीख घातली: आधी आलेल्यांना एक नियम, नंतर आलेल्यांना अर्ज करून नोंदणी. १९५४ मध्ये विस्थापितांच्या नुकसानभरपाईचा कायदा आला. तू कोण, कुठून आलास, काय गमावलंस, हे विचारणारा अधिकारी होता आणि उत्तर लिहून घ्यायला रजिस्टर होतं. आज आलेल्या माणसालाही हे प्रश्न कुणीतरी विचारावेत, एवढंच मी मागतोय.

आज ते कायद्याने विचारले जात नाहीत. १९५१ च्या निर्वासित करारावर भारताची सही नाही, आणि निर्वासितांसाठी आपला स्वतःचा कायदाही नाही. संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित उच्चायुक्तालयाचं कार्ड ठाण्यातल्या एखाद्या चौकीत दाखवलं, तर ते मानलंच पाहिजे असं हवालदारावर बंधन नाही. उलट 'मी परदेशी नाही' हे सिद्ध करायचा भार पकडलेल्या माणसावरच. १९४६ च्या परदेशी नागरिक कायद्यात तसं होतं, २०२५ च्या नव्या कायद्यातही तसंच ठेवलंय.

सरकारला निर्वासित दिसतच नाहीत असंही नाही. सप्टेंबर २०२५ च्या आदेशात पाकिस्तान, अफगाणिस्तान आणि बांगलादेशातून ३१ डिसेंबर २०२४ पर्यंत आलेल्या सहा अल्पसंख्याक समाजांना (हिंदू, शीख, बौद्ध, जैन, पारशी, ख्रिस्ती) पासपोर्ट-व्हिसाच्या अटीतून सूट आहे. नोंदणी झालेल्या श्रीलंकन तमिळांनाही आहे. चांगलंच आहे. पण म्यानमारच्या लष्कराला भिऊन पळालेला तिथल्या चिन जमातीचा ख्रिस्ती या यादीत बसत नाही, कारण त्याचा देश चुकला. तालिबानला नको असलेला अफगाणिस्तानातला हजारा, म्हणजे शिया मुसलमान, बसत नाही, कारण त्याचा धर्म चुकला. जिवाला धोका आहे का, हे ही यादी तपासतच नाही.

आता 'मिळेल त्याला हाकला' याबद्दल. हे करून बघून झालंय, आणि आपल्याच आसपास. जून २०२५ मध्ये मुंबई आणि मीरा रोड भागात बांगलादेशी म्हणून पकडलेले काही मजूर सीमेपार ढकलले गेले. ते पश्चिम बंगालचे, म्हणजे भारतीय निघाले, आणि त्यांना परत आणावं लागलं. चौकशी टाळली की आधी असाच कुणीतरी सापडतो, ज्याच्याकडे वकिलाला फोन करायलाही वेळ नसतो.

म्यानमारमधून आलेल्या रोहिंग्या मुसलमानांच्या २०२१ च्या प्रकरणातला सर्वोच्च न्यायालयाचा आदेश तुम्ही मला दाखवलात. पाठवणी थांबवायला न्यायालयाने नकार दिला, खरं आहे. पण कलम १४ आणि २१ नागरिक नसलेल्यांनाही लागू आहेत, आणि ठरलेली कार्यपद्धती पाळल्याशिवाय कुणाला परत पाठवू नये, हेही त्याच आदेशात आहे. मला तो अपुराच वाटतो. १९९८ मध्ये गुजरात उच्च न्यायालयाने दोन इराकी निर्वासितांच्या बाबतीत, जिवाला धोका असेल तिथे परत न पाठवण्याचं तत्त्व कलम २१ मध्येच आहे असं मानलं होतं. आणि देशाच्या सुरक्षेला धोका असलेल्या माणसाला हे संरक्षण १९५१ च्या करारातही नाही. 'दहशतवादी आले तर?' याचं उत्तर त्यातच आहे, पण दहशतवादी कोण हेही तपासूनच ठरवावं लागणार.

'तुमच्या सोसायटीत ठेवाल का?' असंही तुम्ही विचारलंय. आमची कमिटी लग्न न झालेल्या मुलांना जागा द्यायलाही महिनाभर घोळ घालते, पण माझ्यापुरतं उत्तर हो. भाडेकरूची माहिती पोलिसांना द्यावी लागते, ती मी देईन. त्यात व्हिसा संपलेला दिसेल. पण तो निर्वासित आहे का, हे कसं ठरवायचं, ते मला सोडा, पोलीस ठाण्यातल्या साहेबांनाही कायद्याचं पान उघडून सांगता येणार नाही.