'ण्यात' काढा, 'च' राहू द्या

नमस्कार. तुमच्या मजकुरातली वाक्यं मी संपादताना छोटी केली, त्यावर 'सोळा शब्दांचे सात करणं म्हणजे संपादन नव्हे. आमच्या सांगलीकडचं बोलणं ऐसपैस, ते कापलं की पेपरातली बातमी उरते,' असं तुम्ही लिहिलंत. निम्मं मान्य.

वादाचं वाक्य हे: 'हरिपूर परिसरामध्ये हळदीची साठवणूक करण्यासाठी जमिनीमध्ये पेव या नावाने ओळखल्या जाणाऱ्या खड्ड्यांचा वापर करण्यात येत असे.' त्याचं केलं: 'हरिपुरात हळद पेवांत, म्हणजे जमिनीतल्या खड्ड्यांत, साठवत.' यात ऐसपैसपणा कुठे गेला? 'वापर करण्यात येत असे' हे हरिपूरच्या कट्ट्यावर कोणी बोलत नाही, ती निविदेची भाषा. 'साठवणे' हे धडधाकट क्रियापद. त्याची 'साठवणूक' केली, ती चालवायला 'करणे' आणलं, वर 'येणे' लावून कर्ता गायब केला. आणि बातमीत असलीच वाक्यं असतात की!

तुमचं बरोबर आहे ते पुढे. 'च, तर, की, ना हे भरताड, दिसेल तिथे उडवा' हा माझा सल्ला चुकला, मागे घेतो. २००५च्या महापुराचं घ्या. 'पेवातच पाणी शिरलं' म्हणजे नेमकं नको तिथे. 'पेवात पाणीच शिरलं' म्हणजे नुसती ओल नव्हे. 'पेवात पाणी शिरलंच' म्हणजे एवढी काळजी घेऊनही. एक अक्षर सरकलं की बोलणाऱ्याचा चेहरा बदलतो. ऐसपैसपणा म्हणता तो इथे असतो, आणि तो जवळजवळ फुकट पडतो.

तेव्हा पहिला हात असा: फाईलमध्ये 'ण्यात' शोधा. प्रत्येक ठिकाणी विचारा, हे केलं कोणी? कर्ता सापडला तर मूळ क्रियापद परत आणा. 'पोहण्यात मजा आहे' याला मात्र हात लावू नका, म्हणून 'सगळे बदला'चं बटण नको.

दुसरा हात मोठ्याने वाचून, पण दुसऱ्याकडून. लिहिणारा स्वतः वाचताना आवाजाने खड्डे बुजवतो. 'पुरात पाण्याखाली जाणाऱ्या घाटावर बसून भडंग खाणारी पोरं' इथे वाचणारा अडखळेल, कारण 'पोरं' येईपर्यंत सगळं डोक्यात धरून ठेवावं लागतं. 'पोरं घाटावर भडंग खात बसायची. पुरात हा घाट पाण्याखाली.' झालं.

'लिहिले' आणि 'लिहिलं' यांची एकाच निवेदनात सरमिसळ माझ्याकडून झाली होती, ती दुरुस्त केली आहे.

संवादातल्या 'जायाचं हाय'ला कात्री लावा असं मी म्हटलेलं नाही. फक्त तोच माणूस दोन ओळींनी 'जायचं आहे' म्हणू लागला, तर समोर साहेब आलाय का, ते बघून घ्या.