वॉटरप्रूफ लिहिता, मग शिवण का गळते?

जून आला की नागपूरच्या सीताबर्डी बाजारात रेनकोटचे ढीग लागतात आणि ज्यावर त्यावर शिक्का, ‘१०० टक्के वॉटरप्रूफ’. कापडातून पाणी येत नाही, मान्य. पण शिवणीचं काय? सुई गेली की टाक्याटाक्याला भोक पडतं. त्यावर आतून टेप चिकटवावी लागते, ती कुठाय? पँट उलटी करून बघा. जांघेत चारही शिवणी एकत्र येतात, आणि नेमकी तिथेच टेप नाही! बाईकच्या सीटवरचं पाणी साचतं तिथेच, वर आपलं वजन. म्हणजे पाणी दाबून आत! वर्धा रोडवर ६०च्या स्पीडला समोरून येणारा मारा चेनमधून थेट छातीवर. चेनवर दुहेरी पट्टी द्यायला काय जातं यांचं? बाह्यांतून कोपरापर्यंत पाणी, पायावरून ओघळून बुटात पाणी. पाऊस थांबला की त्याच प्लास्टिकमध्ये घामानं भिजा. दुकानदाराला विचारलं तर म्हणतो, ‘एवढं पाणी आल्यावर सगळेच भिजतात ना भाऊ.’ अरे, मग एवढ्या पाण्यासाठीच तर पैसे मोजले ना! माणसं दिवसभर ओल्या कपड्यांत एसीखाली कुडकुडत काम करतात. शिवणीला टेप लावा, नाहीतर तो शिक्का मारणं बंद करा!