‘चार काळे ठिपके’ दाखवल्याच्या तक्रारीला उत्तर

नमस्कार,

रविवारच्या ‘सौरवादळ’ कार्यक्रमाला चिरंजीवांना घेऊन आलात आणि अभिप्रायही लिहिलात, त्याबद्दल आभार. दोनच तारे देताना आपण लिहिलंय की दुर्बिणीतून चार काळे ठिपके दिसले, निम्मा वेळ मुंबईतल्या कुलाबा वेधशाळेच्या जुन्या चुंबकीय नोंदींत गेला आणि ‘इंटरनेट महिनोन्महिने बंद पडणार’ या व्हॉट्सअॅपवरच्या बातमीला आम्ही दुजोरा दिला नाही.

ते ठिपके म्हणजे सूर्यावरचे डाग, आणि डाग म्हणजे तिथलं चुंबकीय क्षेत्र पिळवटलेली जागा. मोठे स्फोट बहुतेक अशाच जागी होतात. मे २०२४ मध्ये असा एक डागसमूह पृथ्वीच्या पंधरापट रुंद होता. ग्रहणाच्या चष्म्यातूनही दिसायचा! त्याने फेकलेला प्लाझ्मा, म्हणजे विद्युतभारित तप्त वायू, १० मेला पृथ्वीवर आदळला, लडाखमध्ये हानलेचं आकाश लाल झालं आणि अमेरिकेत ऐन पेरणीत जीपीएसवर चालणारे ट्रॅक्टर अडले. म्हणून मुलांनी आधी डाग बघावा, हा आमचा आग्रह.

कुलाब्याचा भाग मी कमी करणार नाही. १ सप्टेंबर १८५९ला इंग्लंडमध्ये खगोल-अभ्यासक कॅरिंग्टनने सूर्यावरची ज्वाला पाहिली आणि साडेसतरा तासांत वादळ पृथ्वीवर थडकलं. लंडनजवळच्या क्यू वेधशाळेत पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र नोंदवणाऱ्या यंत्राची रेघ कागदाबाहेर गेली. कुलाब्याला मात्र माणसं डोळ्यांनी आकडे वाचून वहीत उतरवत होती, म्हणून त्या क्षेत्रातली सुमारे १६०० नॅनोटेस्लांची (चुंबकीय क्षेत्र मोजायचं एकक) घसरण आज आपल्याला ठाऊक आहे. त्या वादळाचा जोर ठरवताना जगभरचे अभ्यासक मुंबईची ही नोंद काढतात. मुंबईच्या मुलांना ती माहीत असायलाच हवी.

आता इंटरनेट. धोका खरा आहे, पण तो मुख्यतः वीजवाहिन्यांना आणि उपग्रहांना. १३ मार्च १९८९ला कॅनडातल्या क्वेबेक प्रांताचं वीजग्रीड दीड मिनिटात कोसळलं, ६० लाख लोक सुमारे नऊ तास विजेविना राहिले. समुद्राखालच्या केबलचं किती नुकसान होईल, यावर तज्ज्ञांत एकमत नाही. हातातला मोबाइल जळत नाही, जमिनीवरच्या माणसाला इजा होत नाही. मुलांसमोर ‘सगळं बंद पडणार’ असं मी म्हणणार नाही, तारे कमी मिळाले तरी.

चिरंजीवांनी ‘आधी कळतं का?’ असं विचारलं होतं. त्यांना जरूर सांगा: स्फोट दिसल्यावर प्लाझ्मा पोचायला साधारण एक ते तीन दिवस लागतात, आणि वाटेत १५ लाख किलोमीटरवर आपलं सूर्याचा अभ्यास करणारं यान आदित्य-एल१ त्याची मोजणी करतं.