वॉचमननं झोपायला हवं होतं

शुक्रवारी पहाटे गच्चीवरची टाकी दोन तास भरून वाहिली. आदल्याच दिवशी पैसे मोजून मागवलेला १०,००० लिटरचा टँकर जिन्यावरून उतरत पार्किंगमध्ये गेला. सेक्रेटरी मी, म्हणजे नोटीस माझ्या गळ्यात. निम्म्या भाडेकरूंना मराठी येत नाही, म्हणून ती इंग्रजीत. मनात होतं 'वॉचमन झोपलेला असावा'. कागदावर उतरलं, 'द वॉचमन शुड हॅव बीन स्लीपिंग.'

नऊ वाजता लिफ्टपाशी दुसऱ्या मजल्यावरचे काका उभे. निवृत्त इंग्रजीचे मास्तर. खिशाला अजून लाल पेन असतं.

"त्यानं झोपायला हवं होतं, असं कमिटीचं मत आहे का?"

"नाही हो काका, झोपला असावा, असं म्हणायचंय."

"मग मस्ट हॅव बीन. तो अंदाज झाला. शुड हॅव म्हणजे करायला हवं होतं, पण केलं नाही. तुमच्या नोटिशीप्रमाणे वॉचमन जागा होता. वर, जागा राहिला म्हणून तुम्ही त्याला झापताय."

मागे वॉचमनमामा झाडू टेकवून ऐकत होते. त्यांचा चेहरा उजळला.

मी हार मानणाऱ्यातला नाही. "पाहुणे एव्हाना पोचले असतील, याला दे शुड हॅव अराइव्हड चालतं ना?"

"चालतं. जे अपेक्षित असतं त्याला चालतं. वॉचमननं झोपणं तुम्हाला अपेक्षित होतं?"

खरं सांगायचं तर होतं. पण हे मामांसमोर कसं बोलणार?

आता यात माझं काय चुकलं? आमच्या वेळी इंग्रजी पाचवीपासून. 'असावा'ला शुड, हे तेव्हाच डोक्यात खिळ्यानं ठोकलेलं. आपला 'असावा' भला माणूस आहे. 'मुलगा नम्र असावा' ही अपेक्षाही तोच सांगतो आणि 'मुलगा झोपलेला असावा' हा संशयही तोच घेतो. 'असेल' म्हटलं की खांदे उडवले, 'असणार' म्हटलं की पैज लावली. 'असावा' मधल्यामध्ये, अब्रू राखून. आमची आजी शेजारणीबद्दलचे सगळे आरोप 'असावा'तच करायची, म्हणून चाळीत कधी भांडण झालं नाही. मास्तरांनी एवढं एक सांगितलं असतं तर!

काकांनी 'शुड' खोडून वर लाल 'मस्ट' लिहिलं. मामांनी विचारलं, "मस्ट म्हंजे?" काका म्हणाले, "नक्की झोपला असणार, असा तर्क."

"तर्कच ना? बघितलं का कुणी?"

पाहिलं कुणीच नव्हतं. दिवसभरात अकरा जण नोटीस वाचून मला भेटले. अकराही जण व्याकरणावर बोलले. टँकरच्या पैशांवर एकही नाही. टाकी भरली की पाणी आपोआप थांबवणारा फ्लोट व्हॉल्व्ह बदलायचा विषय मी मार्चपासून तीनदा काढलाय. तेव्हा सगळ्यांना ऑफिसचा फोन येतो.

काल रात्री टाकी पुन्हा वाहिली. सव्वातीनला मीच वर जाऊन पंप बंद केला आणि ओल्या पायजम्यानं खाली उतरलो. दुसऱ्या मजल्यावर दार किलकिलं झालं.

"अहो, मला उठवायला हवं होतंत. मी आलो असतो."

शुड हॅव. वुड हॅव. दोन्ही न घडलेलं. एवढं व्याकरण आता मलाही येतं.